शाळेत कुजबुजणारे सर

नाकातून नळी घालून घशात कॅमेरा उतरवला की लोक डोळे मिटतात. मी उघडे ठेवले. आपल्या आतला तमाशा फुकट बघायला कोण सोडतो? स्क्रीनवर दोन पांढऱ्या पट्ट्या थरथरत होत्या आणि एकीवर लाल फुगा.

"व्होकल पॉलिप," जालन्याचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे स्वरतंतूवर वाढलेली मांसल गाठ. "तुम्ही आवाज वापरत नाही सर, कुटता."

खरं होतं. बदनापूरजवळची आमची शाळा पत्र्याची, एकाच खोलीत तिसरी-चौथी. गोष्टींतला राक्षस, म्हातारी, लांडगा, सगळे मीच. आवाज बसला की ज्येष्ठमध चघळायचा आणि जोरात खाकरायचं. खाकरण्यानंही स्वरतंतूंना मार बसतो, हे फार उशिरा कळलं.

गाठ काढली, बायोप्सीला पाठवली, म्हणजे तुकड्याची तपासणी. रिपोर्ट येईपर्यंत घरात कॅन्सर हा शब्द कुणी काढला नाही. सगळे टीव्ही मात्र हळू आवाजात बघत. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी पूर्ण मौन सांगितलं.

पण शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींना सरकारी सर्वेक्षणाला जुंपलेलं. मी शाळेत गेलो. बोललो नाही, कुजबुजलो. मग मुलंही कुजबुजू लागली, पाढेसुद्धा. खोली इतकी शांत की मी बायकोला घरी कुजबुजूनच सांगितलं, शिक्षणात क्रांती केली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पुन्हा कॅमेरा उतरवला.

"बोलू नका म्हणालो होतो."

"बोल्लो न्हाई डॉक्टर. नुसता कुजबुजून राह्यलो."

"कुजबुजतानाही ताण येतो. जखम ताजी होती."

तिथं स्कार झाला होता, म्हणजे व्रण. तंतू ताठरला होता. आवाज आता एवढाच राहील, ते म्हणाले.

आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्ट ताई शिक्षकांसाठी लहान व्हिडिओ करत होत्या: पाणी पीत राहा, माइक लावा, खाकरू नका, कुजबुजू नका. त्यांनी मला बोलायला बोलावलं. मी ऐटीत म्हटलं, आधी लांडगा करून दाखवतो. तोंड उघडलं, नुसती हवा आली. पुन्हा केलं, पुन्हा हवा.

ताईंनी कॅमेरा बंद केला नव्हता. "सर, हेच ठेवू का?"

मी मान डोलावली.

आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत तो व्हिडिओ दाखवला. हसणाऱ्यांना उत्तरं तयार ठेवली होती. कुणी हसलं नाही. बाहेर उर्दू शाळेच्या सय्यद मॅडम थांबल्या होत्या.

"सर, माझा आवाज बी सकाळी असाच निघून राह्यला. आल्याचं पाणी पिऊन चालवते."

"उद्याच दाखवा. जल्दी," मी म्हटलं.

त्यांना नोड्यूल्स निघाले, म्हणजे स्वरतंतूंवरचे घट्टे. अजून लहान होते. शस्त्रक्रिया लागली नाही. त्यांनी विश्रांती घेतली, व्यायाम बराबर केले.

गुरुजनहो, आवाज बसून दोन-तीन आठवडे झाले असतील तर घसा दाखवून या. माझा व्हिडिओ नंतर बघा.

परवा मॅडमचा फोन आला. "सर, तुम्ही काही बोलू नका, बस ऐका." आणि त्यांनी वर्गात कविता म्हटली, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी. मला बोलायचं पुष्कळ होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं मौन मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाळलं.