दिवा लागला, ऑक्सिजन गेलं

माझा पुतण्या देविदास बायकोपेक्षा गाडीची तब्येत जास्ती विचारतो. म्हणून त्याच्या रूपाबाईनं बजावलं होतं, "आता ही बिघडली की इकूनच टाकते."

परवा डोंगरकडा गावच्या गॅरेजातून त्याचा फोन आला. भीतीनं एवढंच बोलला, "दिवा लागला. ऑक्सिजन गेलं." अन् फोन ठेवला.

आमच्यात दिवा मेलेल्याच्या उशाला लागतो. अन् ऑक्सिजन गेलं की काय होतं, ते करोनात सगळ्यांनी पाहिलेलं. रूपाबाईनं हंबरडा फोडला. तांड्याचा निवाडा करणाऱ्या नायकासकट आमी सगळे टेम्पोत बसून गॅरेजात गेलो.

देविदास गाडीखाली आडवा. नुसते पाय दिसून राहिले. रूपाबाई पायांवरच पडली. "अवो ओमप्रकाशचे बाबा, काहून गेलात? न्हाई इकत तुमची गाडी, पन उठा!"

पाय बोलले, "नायक, ऐकलं ना?"

मिस्त्रीनं बोटाएवढा पार्ट दाखवला. "मावशी, हे मेलं. धुरातलं ऑक्सिजन मोजणारं सेन्सर. म्हणून गाडीत दिवा लागला. नवं बसवून राहिलो."

रूपाबाईनं त्याच पायांवर चापट हाणली. पण नायकासमोरचा शब्द तांड्यात मोडत न्हाई. गाडी राहिली.

फक्त आता देविदास गाडीखाली शिरला की घडीघडी पाय हलवून दाखवतो.