बत्तीस तुकडे, एक बटण

मास्तरच्या नखांत शिरलेला निळा रंग काही या जन्मात जायचा नव्हता. सव्वीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात काढली माणसानं. लोक आधी डाईंग मास्तर म्हणायचे, पुढं नुसतंच मास्तर, आणि खरं नाव फक्त रेशनच्या कागदावर उरलं. गिऱ्हाइकानं चिमटीएवढा नमुना आणून द्यायचा आणि मास्तरनं तो उत्तरेच्या खिडकीत धरून सांगायचं, "लाल चढलाय. थेंबभर पिवळा सोडा." हजार वार कापड त्याच्या एका हुंकारावर टाकीत पडायचं, नाहीतर अडून राहायचं.

मग कारखाना बुडाला. टाक्या भंगारात गेल्या, मालक कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही, आणि मास्तरच्या वाट्याला छातीत साठलेली वाफ तेवढी आली. डॉक्टर तोंडाचा फाटका होता. छातीचा फोटो उजेडात धरून म्हणाला, "पुन्हा रसायनात गेलात तर माझ्याकडं यायची तसदी घेऊ नका. सरळ पुढं जा."

"पुढं म्हणजे?"

"कळलंय तुम्हाला," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

वय सत्तेचाळीस. वाफेशिवाय दुसरं काही येत नाही. बायको इस्पितळाच्या चादरी धुवायच्या कामावर, तिच्या जिवावर चूल. जुन्या कारखान्याचा मुकादम आता कातडं कमावण्याच्या कारखान्यात होता. तो दोनदा येऊन सांगून गेला, "मास्तर, रंगाच्या पिंपावर माणूस पाहिजे. तुमच्यासारखा डोळा कुणाला नाही." मास्तर दोन्ही वेळा "बघतो" म्हणाला आणि बाहेर जाऊन खोकून आला.

मेव्हण्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. एकदा मास्तर तिथं बसला असताना मेव्हणा दुकानाच्या जाहिरातीचं इंटरनेटवरचं पान नीट करत होता. त्यानं सहा अक्षरं बदलली आणि लाल मथळा जांभळा झाला. मास्तर खुर्चीवरून उठलाच.

"काय केलंस रे?"

"नंबर आहे दाजी, रंगाचा. पहिले दोन लाल, मधले दोन हिरवा, शेवटचे दोन निळा. कमीजास्त केलं की शेड बदलते."

"म्हणजे आमची कृतीच की ही!"

"हो, फक्त वास येत नाही."

तेवढ्यावर माणूस अडकला. दुपारी एक ते चार दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं, मेव्हणा मागं आडवा व्हायचा, आणि मास्तर एका बोटानं अक्षरं शोधत बसायचा. शिकवायला कुणी नाही. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, वहीत उतरवायचा, पुन्हा लावायचा. एकदा ठळक अक्षरांची खूण बंद करायची विसरला, तर तिथून खालचं सगळं पान अंगात आल्यासारखं काळंठिक्कर झालं. दोन दुपारी त्यात गेल्या. मेव्हणा झोपेतून उठून म्हणाला, "दाजी, एवढ्या वेळात म्हैस सुद्धा वाचायला शिकली असती."

"म्हैस तुझ्या घरात आली असती तर तीही बिघडली असती," मास्तर म्हणाला आणि खूण शोधून काढली.

बायको मात्र हसली नाही. म्हणाली, "अहो, बसून करायचं काम मिळत असेल तर बसा. उभ्यानं मरण्यापेक्षा ते बरं."

सात महिने झाले. चार पानं जोडता यायला लागली, मेनू जमला, मोबाईलवर पान आपसूक आखडून बसायला लागलं. मग वेबसाईटी बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात जागा निघाली. तिथल्या मॅडम मास्तरच्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी वय विचारलं नाही, नखांकडं बघितलं नाही. सरळ काम दिलं. "काका, कापड दुकानाचं पान आहे. बत्तीस कापडांचे फोटो टाका. खाली चौकशीचा फॉर्म. गिऱ्हाइकानं बटण दाबलं की दुकानदाराला मेल गेला पाहिजे. आठ दिवस. जमलं तर जागा तुमची."

त्याच संध्याकाळी मुकादमानं निरोप दिला, की पुढल्या आठवड्यानंतरच्या सोमवारपर्यंतच जागा धरतो, मग दुसरा माणूस घेतो. ऑफिसचे आठ दिवस त्याच्या आदल्या शनिवारी संपत होते. मास्तरनं हिशेब केला, की सोमवारी एकतर खुर्चीत बसायचं, नाहीतर वाफेत उतरायचं.

पहिल्या दिवशी फोटो उघडले आणि मास्तरचं डोकं फिरलं. वांगी रंगाचं कापड विटकरी दिसत होतं, मोरपंखी शेवाळल्यासारखं. "हे बघून कुणी कापड घेईल?" म्हणत तो तडक त्या दुकानात गेला. दुकानदाराकडून बत्तीस कापडांचे बत्तीस तुकडे कापून आणले. मग एकेक तुकडा मेव्हण्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी धरायचा, डोळे बारीक करायचे, आकडे हलवायचे. कारखान्यात खिडकीच्या उजेडावर कधी कुणी शंका घेतली नव्हती. पडदा म्हणजे खिडकीच, असं मास्तर धरून चालला. जन्मभराच्या सवयीनं केलेली चूक माणसाला चूक वाटतच नाही.

"दाजी, फॉर्मचं काय?" पाचव्या दिवशी मेव्हण्यानं विचारलं.

"होतो की. एक बटण तर आहे."

"नमनालाच घडाभर तेल चाललंय तुमचं."

"तू झोप."

साडेसहा दिवस रंगात गेले. पण बत्तीसच्या बत्तीस शेडी बसल्या, नाव ठेवायला जागा नाही. उरलेल्या दीड दिवसात बटणाला मेल जोडायला बसला, आणि तिथं घोडं अडलं ते अडलंच. व्हिडिओतला माणूस भराभरा बोलत होता. मास्तरनं जे लिहिलं ते चाललं नाही, का चाललं नाही तेही कळलं नाही.

शनिवारी मॅडमनी पान आपल्या पडद्यावर उघडलं. "मेनू सुंदर झालाय काका," त्या म्हणाल्या. मास्तर मात्र उभाच राहिला.

"हे माझं नाही."

"म्हणजे?"

"हे कापड वांगी आहे. इथं निळं पडलंय." त्यानं खिशातनं तुकडा काढून त्यांच्या पडद्याला लावला. मॅडमनी स्वतःच्या मोबाईलवर तेच पान उघडून दाखवलं. तिथं तिसराच रंग.

"प्रत्येक पडदा वेगळं दाखवतो काका. म्हणून आम्ही त्या नादाला लागतच नाही. खाली एक ओळ टाकतो, प्रत्यक्ष रंगात थोडा फरक असू शकतो."

थोडा फरक! त्या थोड्या फरकापायी मास्तरनं पोटच्या पोरासारखी माणसं कामावरून घालवली होती, स्वतः दोन-दोन पाळ्या वाफेत उभा राहिला होता. आणि इथं एका ओळीत सगळं माफ.

मॅडमनी फॉर्ममध्ये नाव लिहिलं, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"अजून दोन दिवस द्या," मास्तर म्हणाला.

"काका, हेच काम दुसऱ्या एका मुलीनं कालच करून दिलंय. रंग भयंकर आहेत तिचे. पण फॉर्म चालतो." त्यांनी पान बंद केलं. "हे नीट शिकून घ्या आणि सहा महिन्यांनी या. खरंच या."

मास्तर दुकानात आला आणि मेव्हण्याला म्हणाला, "तुझा पडदा खोटा आहे."

"पिवळा मारतोय होय? घेतला तेव्हापासूनच मारतोय. मला काय, पांढऱ्यावर काळं दिसलं की बास."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही रंगातले राजे. तुम्हाला मी काय सांगू?"



घरी बायको भाकरी थापत होती. सोमवारी मुकादमाकडं जातो म्हणून त्यानं सांगितलं, तसा तिचा हात परातीत थांबला. "डॉक्टर काय म्हणाला ते विसरलात?"

"सहा महिने डॉक्टर जेवायला घालणार आहे का?"

"मी घालते आहे की."

"तुझे हात बघ जरा," मास्तर म्हणाला. सोड्याच्या पाण्यानं तिची बोटं भेगाळून पांढरी पडली होती. तिनं ती पिठात लपवली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

सोमवारी कातड्याच्या कारखान्याच्या फाटकावर मुकादम वाट बघत होता. "या मास्तर. तुमचं पिंप तयार आहे." आतून उग्र वास येत होता. फाटकाजवळच्या खिडकीत कारकून फॉर्म भरत होता. मान वर न करता त्यानं नाव विचारलं, वय विचारलं.

"छातीचा काही त्रास? दमा, खोकला?"

"नाही."

कारकुनानं रकान्यात रेघ मारली आणि शिक्का शोधायला लागला. शिक्का सापडेना. त्यानं एक खण उघडला, दुसरा उघडला. मास्तर ओठ घट्ट मिटून उभा होता. छातीत काहीतरी वर चढत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. मुकादमानं ते बघितलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं.

शेवटी शिक्का कागदावर आपटला. मग मास्तर खोकला. भिंतीला हात टेकून, कमरेत वाकून, पोटभर खोकला.

"पुढचा," कारकून म्हणाला.