साडूंचं आरोग्य शिबिर

आमच्या साडूंइतकी दुसऱ्याच्या तब्येतीची काळजी वाहणारा माणूस सबंध पालघर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्या काळजीने जितक्या लोकांच्या तोंडची चव गेली तितक्यांची तापानेसुद्धा गेली नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सांगलीकडचे; बोईसरला एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून आले आणि इथलेच झाले. कारखान्यात ते मालाचा साठा मोजत आणि घरी आले की शेजाऱ्यांची पोटं. जिन्यात भेटलेल्या माणसाला "काय, कसं काय?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "शुगर किती?" सांगता आली नाही तर तुम्ही नापास. सांगितली तरी नापासच, कारण ती उपाशीपोटी तपासली होती की जेवल्यावर, हे आपल्याला आठवत नसे.

पहाटे साडेपाचला ते बिल्डिंगच्या गच्चीवर प्राणायाम घेत. एकदा वारा नेमका कारखान्यांकडून सुटला होता. डोळे चुरचुरायला लागले, वरच्या मजल्यावरचे नाना खोकून खोकून लाल झाले. साडू डोळे मिटून सांगत होते, "दीर्घ श्वास! आणखी आत! छातीत साठवा!" नाना खाली उतरले ते पुन्हा गच्चीवर दिसले नाहीत, पापडसुद्धा त्यांनी पुढे खिडकीतच वाळवले.

बाजारात मासे घेताना त्यांनी एकदा एका मासेवालीला रोज दहा हजार पावलं चालण्याचा सल्ला दिला. ती बाई पहाटेच किनाऱ्यावरून निघालेली. तिने यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आमी काय बसून हाय का, दादा? ही पाटी उचलून बघा जरा. मंग सांगा चालायचं." साडूंनी इरेला पेटून पाटी उचलली. पाटी अर्ध्यावर आली आणि कंबर तिथेच राहिली. तीन दिवस ते पालथे पडून होते. त्या तीन दिवसांत सगळी बिल्डिंग निरोगी होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर त्यांनी कहर केला. बायकांच्या समारंभात पुरुषाचं काय काम? पण वाण काय द्यायचं ते यांनी ठरवलं: कंबर मोजायची टेप. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, खाली मान घालून चाळीस बायकांच्या हातात चाळीस टेपा दिल्या. सालवडहून आलेल्या एक वहिनी फणकाऱ्याने म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वजनकाटाच द्या हो!" साडूंनी ती सूचना वहीत लिहून घेतली.

मी चिडायचो. बायको म्हणायची, "माझ्या ताईकडे बघून सांभाळून घ्या." खरं तर ताईकडे कोण बघत होतं? यांच्या प्रत्येक उपक्रमामागे चहा, पोहे, सतरंज्या आणि रुसलेल्यांची समजूत एवढं खातं ताईंकडे होतं. चालण्याच्या मंडळात साडू झेंडा धरल्यासारखे सगळ्यांच्या पुढे असत. ताई मात्र घरी त्या चालून आलेल्यांसाठी नाचणीचं आंबील ढवळत असत.

गेल्या वर्षी त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत तपासणी शिबिर भरवलं. डॉक्टर आले, दोन सिस्टर आल्या, दारापर्यंत रांग लागली. साडू छातीला बिल्ला लावून रांग सरळ करत होते. एक रिक्षावाला म्हणाला, "अंकल, जल्दी करो, भाडा छूट रहा है." साडूंनी त्याला हृदयविकारावर भाषण ऐकवलं आणि भाडं गेलंच.

डॉक्टरांना चहा द्यायला ताई टेबलाशी आल्या. सिस्टरला रक्तदाबाचं नवं मशीन चालतंय का ते बघायचं होतं. जवळ होता तो ताईंचा हात. तिने त्यालाच पट्टा गुंडाळला. आकडा दोनशे दहाच्या वर गेला. सिस्टरने मशीन बंद केलं, स्वतःला लावून पाहिलं. स्वतःचं ठीक आलं. पुन्हा ताईंना लावलं. आणखी चार वाढले होते.

साडू लगबगीने आले आणि हसत म्हणाले, "मशीन बिघडलंय. हिला काही होत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ताईंना खुर्चीवर बसवलं. "डोकं दुखतं का?"

"दुखतं. दिवाळीपासून."

"अगं, मला बोलली नाहीस?" साडू म्हणाले.

"बोलले होते की," ताई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, तेच ऐकवेना. "तुम्ही म्हणालात, चालायला येत जा."

मी आयुष्यात पहिल्यांदा साडूंना सल्ल्याशिवाय उभे असलेले पाहिले. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही ताईंना पालघरला दवाखान्यात नेलं. वाटेत ताईंनाच काळजी, "पोहे झाकले नाहीत हो." साडू त्यांचा हात धरून बसले होते. छातीवरचा बिल्ला काढायचंही भान त्यांना नव्हतं.

पाच दिवस त्या दवाखान्यात होत्या. अर्धांगवायू थोडक्यात टळला, असं डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडांवर मात्र ताण पडला होता. गोळ्या आता जन्माच्या. बाहेरच्या बाकावर साडू मला म्हणाले, "सगळ्या बिल्डिंगचे आकडे मला पाठ आहेत हो. डॉक्टरांनी हिचं वय विचारलं, तर मी दोन वर्षं चुकलो." मला एरवी असा चिमटा काढायची संधी आवडली असती. मी चहा आणायला उठलो.

आता गच्चीवर प्राणायाम होत नाही. जिन्यात साडू भेटले की नमस्कार करून पुढे जातात. परवा नानाच मला म्हणाले, "विचारत नाहीत हो काही. चुकल्यासारखं होतं."

मागच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. स्वयंपाक साडूंनी केला होता. दुधीची भाजी, मीठ नावालाच. ती घशाखाली उतरवताना मी पाणी शोधत होतो. ताईंनी घास घेतला. साडू हातात डाव धरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"छान झालीय," ताई म्हणाल्या.

साडू तसेच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "खोटं बोलतेस."

ताई हसल्या, पदराने ओठ टिपले आणि दुसरा घास घेतला.