खालच्या आजींचा मासा

खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे रेहाला, म्हणजे व्यायाम-उपचारांच्या केंद्रात, निघाल्या, तेव्हा घराची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "कुंड्या वाळल्या तरी चालतील. हा मात्र जगायला हवा."

हा म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं पाळलेला मासा. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला कॅटफिश. इकडे त्याला अँटेनेनवेल्स म्हणतात, कारण नाकावर फाटे फुटलेल्या मिशा. जेमतेम वीतभर, काळपट आणि खरं सांगते, दिसायला भयाण. दिवसभर टाकीतल्या काळ्या लाकडाला तोंडानं चिकटून ते खरवडत बसायचा. खवणीवर नारळ खवताना येतो तसा बारीक आवाज यायचा. "नवरा गेल्यापासून माझ्या घरात आवाज करणारा हा एकटाच उरलाय," आजी म्हणाल्या. मी "या, या" म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो" करत मान डोलावली. मला ऑफिसची बस गाठायची होती.

ही दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराची गोष्ट, आम्ही जर्मनीत वोल्फ्सबुर्गला असतानाची. सासरे गेल्यावर पुण्यात एकट्या राहणाऱ्या सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. माशाला काकडीची चकती टाकायचं काम मी त्यांच्यावर सोपवलं. आजींचं ते आवाजाचं बोलणं मात्र सांगितलं नाही. म्हटलं, माशाचं काय एवढं पुराण लावायचं!

दिवाळी चार दिवसांवर आली होती. मी ऑफिसातून आले तर सासूबाई दारातच, खुशीत. "अगं, आपलं घर आवरून झालं, म्हटलं त्या बिचारीची टाकीही घासून देऊ. केवढं ते शेवाळ! आत एक सडकं लाकूड होतं, तेही टाकून दिलं बघ."

मी तशीच चपला न घालता खाली पळाले.

टाकी नुसती लख्ख. मासा कोपऱ्यात तळाशी पडलेला, राखेसारखा पांढुरका, कल्ले भराभर हलत होते. पाण्यात हात घातला तर नळाचं गारढोण पाणी. "अहो आई, कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?" मी ओरडलेच. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

पाळीव माशांच्या दुकानात फोन लावला. लाकूड हेच त्याचं घर आणि खाणंही, दुकानदार म्हणाला. मग त्यानं विचारलं, "फिल्टरचा स्पंज धुतलात?" साबणानं धुतला होता. "पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्यातच असतात, आमच्या टाकीतला स्पंज लगेच घेऊन जा," तो म्हणाला.  माझा नवरा गाडी काढून दुकानात गेला आणि तिथल्या जुन्या टाकीतला मळका स्पंज अन् दोन बादल्या पाणी घेऊन आला. मी खाली अंगणातल्या ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात खांद्यापर्यंत हात घालून बटाट्याच्या सालींखालून ते लाकूड शोधून काढलं. डबा दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा होणार होता.

लाकूड परत ठेवलं, पाणी हळूहळू कोमट केलं. मासा फिल्टरमागे जाऊन चिकटला तो चिकटलाच. आजी शनिवारी येणार होत्या, म्हणजे हातात तीन दिवस. ऑफिसात फोन वाजला की वाटायचं, घरूनच असणार, संपलं असणार. सासूबाई जेवायलाही खालून वर येईनात. टाकीसमोर स्टूल टाकून बसायच्या. "करायला गेले एक आणि झालं भलतंच," एवढंच पुटपुटायच्या. त्यांना मी तेव्हाही आजींचं वाक्य सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या कोसळल्या असत्या. टाकीतून आवाज म्हणून नव्हता. दिवाळीसाठी केलेल्या चकलीची चवसुद्धा मला लागली नाही.

शनिवारी आजी कुबड्या टेकत आल्या. मी दारातच सगळं भडाभडा कबूल केलं, फिल्टर, साबण, सगळं. सासूबाई भिंतीला टेकून, पदर मुठीत धरून उभ्या. आजी कोट न काढताच टाकीसमोरच्या त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता या किल्ली मागतील, पुन्हा तोंड बघणार नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे. मासा फिल्टरमागून निघाला, लाकडाला चिकटला आणि तसाच राहिला. मग खर्र. थांबला. पुन्हा खर्र, खर्र.

आजींनी तोंडावर हात धरला. मग सासूबाईंकडे वळून त्यांनी जर्मनमध्ये तेच वाक्य म्हटलं, नवरा गेल्यापासून घरात आवाज करणारा हा एकटाच उरल्याचं. या वेळी मी ते अख्खं मराठीत सांगितलं.

सासूबाई पदर सोडून पुढे आल्या. मग आजींना म्हणाल्या, "पुण्यात मी रेडिओ लावून ठेवते. झोपतानासुद्धा."

त्या आमच्याकडे येण्याआधी मी पुण्याला फोन केला की मागे तो रेडिओ ठणाणा वाजत असायचा. दर वेळी मी वैतागून म्हणायचे, "आई, आधी ते बंद करा हो, काही ऐकू येत नाही." आणि त्या मुकाट्यानं बंद करायच्या.