पारा नानांची सही

नाना कुठल्याही खोलीत शिरले की आधी माणसांकडे नाही, भिंतीकडे बघत. भिंतीवर थर्मामीटर आहे का, असला तर किती दाखवतोय, एवढं पाहून झालं की मग राम राम. लग्नाच्या हॉलमध्ये थर्मामीटर कुठला असायला? तिथे ते हात जरा हवेत धरत, "एकेचाळीस असेल" म्हणत आणि मग अक्षता घेत. नरडाण्याच्या आमच्या औषध कारखान्यात कामगारांनी त्यांचं नावच पारा नाना ठेवलं होतं. नाव तसं उलटंच, कारण त्यांचा स्वतःचा पारा चढलेला मी चार वर्षांत एकदाही पाहिला नाही. चढावा असं काम मात्र त्यांच्यासमोर झालं, आणि ते माझ्याच हातून झालं.

गेल्या महिन्यात धुळ्याच्या एका फार्मसी कॉलेजात मला भाषणाला बोलावलं होतं. मी आता एका मोठ्या कंपनीच्या गुणवत्ता विभागाची प्रमुख आहे, त्यामुळे अशी बोलावणी येतात. औषध उद्योगात पुढे कसं यावं, असा विषय. मी मेहनत, जिद्द, अभ्यास असं सगळं सांगितलं. शेवटी एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला कोणी घडवलं?" मी म्हणाले, "यावलचे एक नाना होते," आणि पुढे बोलायच्या ऐवजी पाणी प्यायले. नाना मागच्या थंडीत गेले. त्या मुलीला जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

नाना केळीवाल्या घरातले. भाऊबंद सगळे बागेत, हे एकटेच जळगावला रसायनशास्त्र शिकले आणि गुजरातेत वापीला एका कारखान्यात कारकुनासारखे नळ्या मोजायला लागले. तिथून पायरी पायरीने चढत प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. नरडाण्याच्या शेठनी कारखाना काढला तेव्हा नानांना शोधून आणलं. मी नोकरीला लागले तेव्हा नाना कारखान्याचे प्रमुख होते. माझ्या चौथ्या वर्षी परदेशातला एक मोठा ग्राहक तपासणीला येणार होता. ती पार पडली की शेठ त्यांना संचालक करणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. केळीच्या बागेतून आलेला माणूस औषधाच्या कंपनीचा संचालक होणार याचं आम्हा खानदेशातल्या पोरापोरींना फार अप्रूप होतं. नानांना होतं की नाही, कोण जाणे. ते दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खात आणि त्याच हाताने आमच्या नोंदी तपासायला बसत. हात धुवून, अर्थात.

ऑफिसात ते छापील मराठी बोलत. पण मनापासून काही सांगायचं असलं की भाषा सरळ यावलला जाई. मी पाचोऱ्याची म्हणून मला त्यांनी पहिल्या दिवसापासून पाचोरावाली करून टाकलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात तापमानाची वही दिली आणि म्हणाले, "पाचोरावाली, एक ध्यानात ठेव. जाऊन पाह्यलं तर आकडा लिही. नही पाह्यलं तर 'पाहिलं नाही' लिही. त्याच्यात लाज नही. न पाह्यलेला आकडा लिहिला तर मंग लाज."

मी मान डोलावली. नवीन माणूस सगळ्यालाच मान डोलावतो.

नाना स्वतः हे तंतोतंत पाळत. तपासणाऱ्याच्या रकान्यात त्यांची सही असे, आणि ती करण्याआधी ते उठून त्या खोलीपर्यंत जात. आम्ही मागून हसायचो. एवढा मोठा माणूस, एका आकड्यासाठी उन्हातून कारखान्याच्या पार टोकाला जाऊन येतो म्हणून. वायरमन भिका तर म्हणायचा, "नाना, तुम्ही सही कराले जातस का देवदर्शनले?" नाना त्यालाही हसून म्हणत, "दोन्हीले चप्पल झिजते, भिका."

टोकाची ती खोली म्हणजे तयार मालाचं गोदाम. लहान मुलांच्या तापावरचं औषध तिथे असायचं. बाटलीत कोरडी पूड, घरी पाणी घालून द्यायची. ती पूड उष्णता सोसत नाही, म्हणून गोदामात गारव्याचं यंत्र बसवलेलं. दिवसातून तीनदा जाऊन थर्मामीटर पाहायचा हे माझं काम. आणि तिथे कायम चोवीस किंवा पंचवीस. महिनोन् महिने चोवीस, पंचवीस. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बाहेर पडलं की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होतं. शिवाय मी तेव्हा त्या परदेशी तपासणीची कागदपत्रं तयार करत होते. मोठं काम होतं, नाव होणार होतं. मग कधीतरी मी सकाळीच, गोदामात न जाता, तिन्ही आकडे लिहायला लागले. माझ्या आधीचेही तसंच करत, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं, पण खरं असून उपयोग काय?

त्याच मे महिन्यात नानांचे थोरले भाऊ वारले आणि नाना अंत्यविधीला यावलला गेले. आठवड्याने परत आले तो सोमवार. डोकं भादरलेलं, डोळे ओढलेले. दारात गोदामातल्या बाटल्या भरून जळगावला जाणारा ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि वहीत नानांची सात दिवसांची सही बाकी. त्यांनी वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बराबर हाये ना?"

"हो नाना."

त्यांनी सातही सह्या बसल्या जागी केल्या. गोदामापर्यंत न जाता केलेल्या मी पाहिलेल्या त्या पहिल्या सह्या. ट्रक गेला.

पंधरा दिवसांनी यावल तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या एका दवाखान्यातून फोन आला. बाटलीतली पूड पिवळी पडलीय, पाणी घातलं तरी गुठळी विरघळत नाही. एका बाईने तसंच औषध दोन दिवस पोराला पाजलं होतं, ताप हटेना म्हणून पोराला जळगावला हलवावं लागलं. मुलगा वाचला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यानंतरचे तीन दिवस ते आम्हालाही माहीत नव्हतं आणि ते दिवस मला अजून पुरतात.

नानांनी भिकाला बोलावलं. भिकाने आपली विजेची वही पुढे केली. "नाना, तुम्ही यावलले व्हतात तवय पाच दिन गोदामनं मशीन बंद व्हतं. मी बुकमा लिखेल शे." माझ्या वहीत त्याच पाच दिवसांत चोवीस, पंचवीस, चोवीस.

"गेलती का वं तू तठी?" नानांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "हो."

नानांनी छत्री घेतली आणि मला गोदामात घेऊन गेले. आत शिरल्यावर विचारलं, "थर्मामीटर कुठी हाये?" मी दाराशेजारच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे नुसता खिळा होता. थर्मामीटर एप्रिलच्या शेवटीच मागच्या मांडणीवर हलवला होता, आणि ते मला ठाऊक नव्हतं. नानांनी त्या खिळ्याकडे बघितलं, मग खाली जमिनीकडे. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

शेठचं म्हणणं साधं होतं. मुलीला काढून टाका, तक्रार आलेल्या दवाखान्याला बाटल्या बदलून द्या, विषय मिटवा. तपासणी तोंडावर आलीय. नाना म्हणाले, "मुलीला काढलं की विषय मिटेल, शेठ. औषध तर तसंच राहील." त्यांनी त्या सगळ्या बाटल्या बाजारातून परत मागवल्या, सरकारी औषध खात्याला स्वतः कळवलं आणि अहवालात लिहिलं, 'पडताळणीची सही माझी आहे आणि ती मी न पाहता केली.' माझं नाव त्यात नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "खालचं नाव दिसलं का वाचनारा तठीच थांबते. वरची सही मंग कोनी पाहत नही." आणि दुसऱ्याच दिवशी एसटीने त्या पोराला बघायला गेले.

ते तिकडे गेले त्या दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर माझी वही उघडी होती. "मला एकच सांग," शेठ म्हणाले, "असं आधी लिहून ठेवायचं हे नानांना माहीत होतं का? त्यांचीच पद्धत होती का ही?"

'नाही' म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम. पण नाही म्हटलं की सगळं माझ्या एकटीवर येणार होतं, आणि पाचोऱ्याला वडिलांनी सगळ्या गल्लीला पोरगी नोकरीला लागल्याचे पेढे वाटले होते. मी म्हणाले, "सर, इथे सगळेच..." आणि थांबले. शेठ म्हणाले, "समजलं." मी उठले. समजलं ते चुकीचं आहे, असं दारापाशी वळून म्हणता आलं असतं. मी दार हळू लावून घेतलं.

महिन्याभरात नोटीस बोर्डावर कागद लागला, नाना प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होत आहेत. निरोप समारंभ नव्हता. जाताना ते सगळ्या खोल्यांमधून एक चक्कर मारून आले आणि माझ्या टेबलापाशी थांबले. "पाचोरावाली, दुपारचं पाहून घे," एवढंच म्हणाले. मी उन्हात गोदामापर्यंत गेले आणि आकडा पाहून आले. परत आले तेव्हा ते गेलेले होते.

त्यानंतर माझं सगळं चांगलंच झालं. तीन वर्षांत मी त्यांच्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत बसले, मग पुण्याला गेले, मग आणखी मोठी झाले. न पाहता मी कधी काही लिहिलं नाही आणि हाताखालच्यांना लिहू दिलं नाही. त्याबद्दल माझं कौतुक होतं, लोक शिस्त म्हणतात. कौतुक झालं की मला तो खिळा दिसतो.

नाना निवृत्त झाल्यावर सात वर्षांनी मी यावलला गेले. पुतण्याने केळी पिकवायची गार खोली बांधली होती आणि नाना तिची देखरेख करत होते. दाराशी रिकामे कॅरेट रचलेले, एका कॅरेटवर नाना बसलेले. गुडघा गेला होता, काठी आली होती. शेजारी वही. मी न विचारता ती उघडली. रोजचे तीन आकडे, तेच अक्षर. मधे एका मंगळवारी लिहिलं होतं, 'दवाखान्यात गेलो. पाहिलं नाही.'

पुतण्याने चहा आणून दिला आणि तो कामाला गेला. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. शेठनी काय विचारलं, मी काय म्हणाले, कुठे थांबले. रडायचं नाही असं ठरवून आले होते, ते काही जमलं नाही.

नाना ऐकत राहिले. मग म्हणाले, "मले माहीत हाये. शेठनं त्याच हप्त्यात सांगितलं. तुमचीच पोरगी बोलली म्हने."

"मग नाना, तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं का मानूस उत्तर देते. एकदा विचारलं व्हतं ना तुले, गेलती का म्हनून." त्यांनी वही मिटून ठेवली. "मले वाटलं, तू येशीन. लय वर्षं लावली वं तू."

 त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दोन वाजले होते, दुपारच्या नोंदीची वेळ.

"जाय, पाहून ये."

मी आत गेले. गार हवा, पिकत्या केळ्यांचा वास. थर्मामीटर कुठल्या भिंतीवर आहे ते आधी नीट शोधलं, समोर उभी राहिले, दोनदा पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "सतरा."

"लिही. सही कर."

मी आकडा लिहिला, सही केली. नानांनी वही मांडीवर घेतली आणि तपासणाऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं. तसंच थोडा वेळ धरलं. मग पेन खिशाला लावलं, काठी घेतली, माझा पुढे केलेला हात न धरता गुडघा सावरत उठले आणि दार उघडून आत गेले. मी बाहेर कॅरेटपाशी उभी राहिले. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, बसले, धाप खाली बसू दिली.

"सतराच हाये," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.