न आलेल्या कळांची साक्ष

आमच्या उदगीरच्या मंडळीत बाळंतीण पहिल्यांदा लेकरू घेऊन चर्चला आली, की तिला पुढे उभं राहून साक्ष द्यावी लागते. कळा कशा आल्या, प्रभूने कसं सोडवलं, एवढं सांगायचं. मग पाळकसाहेब लेकराच्या डोक्यावर हात ठेवतात. माझी पंचाईत अशी, की मला कळा आल्याच नव्हत्या. लातूरला सिझर झालं होतं.

माझी आई लवकर गेली, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सासूबाईंचा प्रार्थनेवर एवढा भर, की दवाखान्यात डॉक्टरीणबाई तपासायला आल्या की आधी त्यांच्यासाठीच प्रार्थना व्हायची, आणि त्या बिचाऱ्या हातमोजे घालून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. बाळ आडवं आहे, पोट उघडावं लागेल, हे ऐकून मला रडू फुटलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, तेही स्वतःचेच, आणि म्हणाल्या, "उघडा. पन आमेन होऊ द्या."

लेकीला घेऊन चर्चला गेले त्या रविवारी दारातच अक्का भेटल्या. अक्का मंडळीत सगळ्यांत थोरल्या. त्यांची सगळी बाळंतपणं घरी झालेली आणि त्याचा ताठा अजून उतरलेला नाही.

"सिजर का?" त्यांनी विचारलं. "मंग कशाची साक्ष देतीस गं? हव्वेला देवानं सांगून ठिवलंय, लेकरं कष्टानंच व्हतील. तू तर निवांत पडून व्हतीस."

खरं तर मलाही तेच डाचत होतं. लहानपणापासून ऐकत आले होते, की बाळंतपणात बाईला देवाचा हात सगळ्यांत जवळून कळतो. माझ्या वाट्याला हिरवा पडदा आला होता. पलीकडे माझी लेक जन्मत होती आणि मी छताकडे बघत होते. आपण आई झालो, हे खरं धरायचं की नाही, तेच कळत नव्हतं.

सासूबाई मात्र तयारीत होत्या. "अक्का, आदामाची फासळी काढली तवा देवानं त्याला गाढ झोपवलं का न्हाई? मंग पयलं आपरेशन कुनी केलं?"

"आदाम बाप्या व्हता," अक्का म्हणाल्या. "बाप्याला कुठं कळा सोसत्यात?"

दारातल्या सगळ्या बायका हसल्या आणि पाळकसाहेब घाईने आत गेले.

माझी पाळी आली. घरून छान पाठ करून आले होते, प्रभूची दया, नवं जीवन वगैरे. पण उभी राहिले आणि लेकीने असा टाहो फोडला, की सगळं विसरले.

"मला कळा आल्या नाहीत," मी म्हणाले. "भीती वाटली. मी नुसती माझ्या आईला हाका मारत होते. देवाची आठवण एकदाही झाली नाही. मग ही रडली. तेव्हा कळलं, मी बोलावलं नव्हतं तरी देव आलेला होता."

कुणी आमेन म्हणेना. लेक रडतच होती.

अक्का काठी टेकत उठल्या. आता भर मंडळीत आपली शोभा होणार, या धास्तीने मी लेकीला घट्ट धरलं. त्यांनी तिला माझ्या हातातून अलगद सोडवून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि पाळकसाहेबांकडे वळल्या.

"मी बी आईलाच हाका मारल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "दर खेपंला. ठिवा हात, बघता काय?"