सीलबंद घड्याळ

गोदामातले सीलवाले भाऊ माल कधी उघडून बघत नसत. खोका चेपलाय का, पट्टी सरळ आहे का, शिक्का पुसट नाही ना, एवढं बघायचं आणि सही ठोकायची. आत साबण आहे की विटा, ते घेणाऱ्याने बघावं. एवढ्याशा कर्तबगारीवर गडी असा छाती काढून चालायचा, जणू सगळं जग याच्या सहीवाचून अडलंय.

घरी मात्र साडूपुढे हवा गुल. साडूच्या मनगटावर परदेशी घड्याळ, आणि कोणी वेळ विचारली नसतानाही तो बाही मागे सारायचा. "तुमचं बरं आहे भाऊ, गोदामाची घंटा झाली की सुटलात. तुम्हाला घड्याळ हवंय कशाला?"

रविवारी साडू जेवायला येणार होता. त्याआधी तसलंच घड्याळ मनगटावर चढवून त्याचं तोंड बंद करायचं, असं भाऊंनी मनाशी ठरवलं. नवं झेपणारं नव्हतं, म्हणून वापरलेलं शोधलं.

बायको म्हणाली, "आधी कंपनीच्या माणसाकडून उघडून तपासून घ्या. वॉरंटी कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी जुळवा. पैसे त्यानंतर."

"तू मला माल तपासायला शिकवणार? उघडलं की सील गेलं, आणि सील गेलं की मालात राम राहत नाही."

विकणाऱ्यासमोर भाऊंनी खोक्याचे कोपरे चाचपले, कार्डावरचा शिक्का उजेडात तिरका धरला. घड्याळावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या फिल्मला बोटही लावलं नाही. वापरलेल्या घड्याळावर कोरी करकरीत फिल्म कशी, हा प्रश्न या महापंडिताला शिवलाही नाही. "पॅकिंग बघावं माणसाने," ते उलट विकणाऱ्यालाच शिकवत होते. तो भक्तिभावाने मान डोलवत होता.

रविवारी साडूने पहिल्या घासाआधीच फिल्म टर्रकन सोलली. भाऊ कळवळले, जणू त्यांचीच कातडी निघाली. साडूने नंबर वाचला, कार्ड मागितलं. "भाऊ, हे कार्ड दुसऱ्याच घड्याळाचं दिसतंय. उद्या सर्व्हिस सेंटरला जाऊ. मीही येतो." तो कसला सोडतोय.

काउंटरवरच्या मुलीने सगळं आत नेऊन आणलं. "सर, खोका आणि कार्ड आमचंच आहे. घड्याळ आमचं नाही. नकली आहे."

साडूच्या ओठांवर हसू फुटायच्या आत भाऊ त्याच्याकडे वळले.

"ऐकलंत ना? खोक्यात मी फसलो नाही."